तंबोऱ्यातले दोष दाखवूनच विका

प्रश्न : आईचा मिरजेचा तंबोरा विकायचा आहे. भोपळ्याला मागे बारीक चीर आहे, एक खुंटी सरकते आणि पॉलिश उडालंय. आधी सगळं नवं करून घ्यावं का?

उत्तर : सगळं नको. तंबोऱ्याची किंमत नादावर ठरते, चकाकीवर नाही. पॉलिश आहे तसंच राहू द्या. खुंटीला खडू लावून पाहा. बहुतेकदा पकड येते. खर्च करायचाच तर जवारीवर, म्हणजे घोडीचा माथा घासून नाद खुलवून घेण्यावर करा. तारांच्या घर्षणाने घोडीच्या माथ्यावर चऱ्या पडतात आणि नाद बसतो. जाणत्या कारागिराकडून जवारी काढून, नव्या तारा चढवून घ्या.

चीर घरी डिंक किंवा रंग लावून बुजवू नका. तारा सुरात लावून छेडा. चिरेपाशी झरझर ऐकू आली, तर ती कारागिराला दाखवा. दांडी वाकली असेल किंवा भोपळा आणि दांडीचा सांधा उघडला असेल, तर तो दोष मोठा. त्यानुसार किंमत कमी सांगा.

जुन्या वाद्यावर हस्तिदंताचं किंवा सांबरशिंगाचं काम असेल, तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आड येतो. विकण्याआधी वनविभागाकडे चौकशी कराच.

चिरेचा जवळून काढलेला फोटो आणि सुरात लावलेल्या तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण गिऱ्हाइकाला पाठवा. शक्यतो त्याला घरी बोलावून गाऊ द्या. दोष माहीत असून घेणारा माणूस वाद्य नीट सांभाळतो. पाठवताना तारा सैल करायला मात्र विसरू नका.