हाँगकाँगचा कांचन

बागेकरितां कांचनाचें बीं कोठें मिळेल, अशी पृच्छा पुष्कळ बागाइतदार करितात. साध्या कांचनाचें बीं हवें तेवढें मिळतें; पण हिंवाळाभर टपोऱ्या, जांभळट-तांबड्या फुलांनीं लहडणारा जो हाँगकाँगचा कांचन, त्याच्या बियांची पुडी कोणी विकूं लागल्यास ती घेऊं नये. हें झाड शेंगा धरीत नाहीं. पुडींत दुसरेंच कांहीं असावयाचें.

याचें कारण त्याच्या कुळांत आहे. इ. स. १८८० च्या सुमारास हाँगकाँग बेटावर पॉकफूलमजवळ, समुद्रकांठच्या एका पडक्या घरापाशीं एका फ्रेंच मिशनऱ्यास हें झाड आढळलें. पुढें त्याची लागवड तेथील सरकारी वनस्पतिबागेंत झाली, आणि १९०८ सालीं डन या शास्त्रज्ञानें त्याच्या शास्त्रीय नांवांत माजी गव्हर्नर सर हेन्री ब्लेक यांचें नांव गोंविलें. १९९७ पासून हाँगकाँगच्या निशाणावर हेंच फूल आहे. झाड संकरज असावें असा तर्क होताच. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें आईबापांची ओळख पटली. दोघेही आपल्या परिचयाचेच निघाले: एक वसंताच्या तोंडीं पानें गळाल्यावर फुलणारा कांचन, दुसरा पावसाळा सरल्यावर पानांसह फुलणारा देवकांचन. (दसऱ्याचा आपटाही याच गोत्रांतला, जोडपान पाहतांच नातें कळतें.) संकराची संतति वांझ निघाली, म्हणून आज जेथें जेथें हें झाड उभें आहे तेथें तें त्या एका झाडाचाच अंश आहे. एकास जो रोग बाधेल तो सर्वांस बाधण्याचा संभव असल्यानें वाटेच्या दुतर्फा केवळ हींच झाडें लावणें आम्हांस पसंत नाहीं. मधून मधून देशी कांचन असावा.

कोयीपासून हापूस तसाच निघेल याची हमी नसते, म्हणून आपण कलम करितों. येथें तर कलमावांचून गत्यंतरच नाहीं. कांचनाच्या रोपावर डोळा अगर भेट कलम बांधतात. गुटीही चालते. पावसाळ्याच्या आरंभीं पेन्सिलीएवढ्या जाड, पक्व फांदीची इंचभर साल वर्तुळाकार काढावी. खालचा बुळबुळीत थर चाकूनें खरवडून टाकावा. तो राहिल्यास साल पुन्हां जुळून येते व मुळें फुटत नाहींत. मग ओलें शेवाळ बांधून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद गुंडाळावा व दोन्हीं टोकें घट्ट आवळावीं. मुळें बाहेरून स्पष्ट दिसूं लागलीं म्हणजे फांदी गुटीखालीं कापून कुंडींत लावावी आणि नवी पालवी येईपर्यंत सावलींत ठेवावी.

निचऱ्याची जमीन व भरपूर ऊन एवढीच याची मागणी. लांकूड ठिसूळ, म्हणून वाऱ्याच्या तोंडावर अगर गोठ्याच्या छपराशेजारीं लावूं नये. छाटणी बहर सरल्यावर करावी. विकत घेतलेल्या कलमाचा सांधा आधीं पाहून ठेवावा, व त्याच्या खालीं जो जो धुमारा फुटेल तो तो कोंवळा असतांनाच खुडावा. तो खुंटाचा असतो, आणि वाढूं दिला तर दोनतीन वर्षांत अंगणांत साधा कांचनच उभा राहतो.