विमानाच्या टाकीतला हिशेब



मागे आठवीच्या वर्गात आम्ही नफा-तोटा शिकवत होतो, तेव्हा एकाने विचारले, "सर, विमानाचे तिकीट एवढे महाग, तरी कंपन्या बुडतात कशा?" प्रश्न आवडला. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, आम्ही ‘लाभ-हानि’ म्हणत शिकलो; पण गणित तेच.

फळ्यावर सोपे आकडे मांडले. तिकीटविक्री १०० रुपये. इंधन ४०. विमानांचे भाडे, पगार, दुरुस्ती, विमानतळाचे शुल्क मिळून ५७. उरले ३. आता इंधन १० टक्के महागले, म्हणजे ४० चे ४४ झाले. तिन्ही रुपये गेले आणि वर एक रुपया तोटा! आकडे फळ्यापुरते खरे, पण आपल्या देशात विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा ४० टक्क्यांपर्यंत जातो.

"मग भाडे वाढवावे," मागच्या बाकावरून उत्तर आले. भाजीवाला संध्याकाळी उरलेली मेथी स्वस्तात देतो ना? विमानाची रिकामी खुर्ची उड्डाणानंतर कोणालाच विकता येत नाही. शेजारच्या कंपनीने भाडे वाढवले नाही तर प्रवासी तिकडे जातो. शिवाय बरीच तिकिटे आधीच विकलेली असतात, इंधन मात्र आजच्या भावाने भरावे लागते.

यावर एक उपाय म्हणजे पुढच्या तेलाचा भाव आधीच ठरवून ठेवणे. जुलै २००८ मध्ये कच्चे तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढले आणि डिसेंबरात ४० च्याही खाली आले. अमेरिकेच्या साउथवेस्टने असे करार फार आधी, स्वस्ताईत केले होते; ते वर्ष तिने नफ्यात काढले. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकनेही करार केले होते, पण भाव कोसळताच तेच तिच्या गळ्यात आले आणि प्रचंड तोटा झाला. दोघींचा उपाय एकच, वेळ वेगळी.

आपल्याकडे कराचा भार निराळा. २०१७ मध्ये जीएसटी आला, पण विमानाचे इंधन त्याच्या बाहेर राहिले. प्रत्येक राज्य आपला व्हॅट लावते. आपल्या इंदूर आणि भोपाळला तो २५ टक्के होता, २०२१ च्या अखेरीस ४ झाला. जेथे इंधन स्वस्त तेथे जास्त भरून घ्यावे, हे कंपन्यांनाही कळते. पण जादा वजन वाहायलाही इंधनच जळते.

किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली. इंधनाबरोबर कर्जाचाही डोंगर होता. कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले, म्हणजे अनेक घरांचा महिन्याचा हिशेबच कोलमडला.

पुढच्या तासासाठी प्रश्न: वरच्या उदाहरणात पूर्वीचाच ३ रुपये नफा हवा असेल, तर भाडे किती टक्के वाढवावे लागेल? एकही प्रवासी कमी होणार नाही असे धरा. असे धरणे बरोबर आहे का, हे मात्र घरी आई-बाबांना विचारून या.