बोट दाबून तीन मोजा

'पाय सेप्टिक झाला' हे वाक्य तुम्ही घरी कितीदा तरी ऐकले असेल. सायकलवरून पडून गुडघा फुटतो, तीनचार दिवसांनी जखमेत पू धरतो, आणि आजी म्हणते, "सेप्टिक झालं वाटतं!" मूळ शब्द ग्रीक भाषेतला असून त्याचा अर्थ 'कुजणे' असा आहे. डॉक्टर मात्र आज 'सेप्सिस' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात काही वेगळेच असते. जंतूंशी लढता लढता शरीराचाच तोल जातो आणि मूत्रपिंडे, फुप्फुसे, मेंदू असे अवयव बिघडू लागतात, त्या अवस्थेला ते सेप्सिस म्हणतात. ही व्याख्या २०१६ साली पक्की झाली. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख माणसे त्यात दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे त्या वर्षी जगातल्या दर पाच मृत्यूंपैकी जवळजवळ एक!

हा आजार होतो कसा, ते एका उदाहरणाने पाहू. यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यात राजूर नावाचे गाव आहे. कोळशाच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या यांसाठी ते ओळखले जाते. भोवताली कपाशीची शेते आहेत. समजा, तिथल्या एका शेतकरीकाकांच्या पायात पऱ्हाटीचे धसकट घुसले. वय पन्नास, वजनही पन्नास किलो, आणि त्यात मधुमेह. काकांनी हळद लावून चिंधी बांधली आणि ते कामाला लागले. तिसऱ्या दिवशी पाऊल सुजले, पोटरीपर्यंत लाली चढली, हुडहुडी भरून ताप आला. चौथ्या दिवशी ते असंबद्ध बोलू लागले, श्वास जोरजोरात चालू लागला, आणि सकाळपासून लघवी झाली नाही.

धसकट पायात होते. मग बिघाड मेंदूत आणि मूत्रपिंडांत कसा झाला?

जखमेपाशी जंतू शिरले की तिथल्या पेशी काही रसायने सोडतात. त्यामुळे जवळच्या रक्तवाहिन्या सैल होऊन रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून पाणी पाझरते, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेर पडून जंतूंवर तुटून पडतात. लाली, सूज, ऊब आणि ठणका ही या लढाईचीच चिन्हे होत. पायापुरती ही व्यवस्था उत्तमच आहे. पण तोच हुकूम सगळ्या शरीरभर सुटला तर? मग डोक्यापासून पायापर्यंतच्या रक्तवाहिन्या एकाच वेळी सैल होतात आणि पाझरू लागतात.

तुमच्या शेतात विहीर, पंप आणि नळ्या असतील तर पुढचे चटकन समजेल. विहिरीतले पाणी म्हणजे रक्त, पंप म्हणजे हृदय, नळ्या म्हणजे रक्तवाहिन्या. पंप चालूच आहे, पण नळ्या फुगल्या आणि त्यांना जागोजागी भोके पडली, तर शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी कसे पोहोचणार? दाब पडतो. शरीरात दाब पडला की पेशींना प्राणवायू अपुरा मिळतो. पेशी मग प्राणवायूवाचून काम भागवू पाहतात आणि लॅक्टेट नावाचा पदार्थ रक्तात साठू लागतो. शर्यतीत जीव तोडून धावल्यावर तुमच्याही स्नायूंत तो तयार होतो. पण तुम्ही थांबता, आणि तो ओसरतो. काका मात्र खाटेवर पडूनच 'धावत' असतात. पुरेसे सलाइन देऊनही दाब टिकवायला औषध लागते आणि लॅक्टेट वाढलेलेच राहते, तेव्हा त्याला 'सेप्टिक शॉक' म्हणतात. अशा रुग्णांपैकी शंभरांत चाळीसहून अधिक दगावतात.

आता एक प्रयोग करा. हात ऊबदार असू द्या; डिसेंबरातल्या सकाळी गारठलेल्या बोटांवर तो फसेल. उजेडात उभे राहून तर्जनीचे टोक दुसऱ्या हाताने दहा सेकंद घट्ट दाबा आणि सोडा. पांढरी पडलेली जागा पुन्हा गुलाबी व्हायला किती सेकंद लागतात? निरोगी मुलात बहुधा दोनच्या आत. तीनहून जास्त लागली, तर बारीक केशवाहिन्यांपर्यंत रक्त नीट पोहोचत नाही असे समजतात. ही पोरखेळासारखी दिसणारी तपासणी दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांतील २८ रुग्णालयांत कसोटीला लावली गेली आणि तिचा निकाल २०१९ साली आला. सेप्टिक शॉकच्या ४२४ रुग्णांपैकी निम्म्यांचे उपचार बोट दाबून ठरवले आणि निम्म्यांचे लॅक्टेट मोजून. बोटाच्या आधारे चाललेला गट मुळीच मागे पडला नाही! प्रयोगशाळा दूर असलेल्या भागाला ही गोष्ट मोलाची वाटावी.

दुसरे एक गणित. रक्तदाबाचे दोन आकडे असतात, वरचा आणि खालचा. सरासरी दाब काढायचा तर वरच्यात खालच्याची दुप्पट मिळवून तीनने भागायचे. १२० आणि ८० असतील तर २८० भागिले ३, म्हणजे सुमारे ९३. काकांचा दाब ८० आणि ५० आहे. १८० भागिले ३, म्हणजे ६०. अतिदक्षता विभागात हा सरासरी आकडा ६५ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, अशी खटपट चालते.

राजूरहून वणीचा सरकारी दवाखाना जवळ आहे. पण यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिथून शंभरावर किलोमीटर लांब. चंद्रपूर त्या मानाने जवळ. वर्धा नदी ओलांडली की झाले. कुठेही जा, घड्याळ थांबत नाही. २००६ साली सेप्टिक शॉकच्या २,७३१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. दाब पडल्यापासून योग्य प्रतिजैविक पहिल्या तासात मिळालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के वाचले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक तासाच्या उशिरागणिक वाचण्याचे प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटत गेले. पुढच्या अभ्यासांत ही घट इतकी मोठी दिसली नाही. पण उशीर महाग पडतो हे त्यांतही दिसलेच. म्हणून वणीसारख्या ठिकाणीच सलाइन आणि प्रतिजैविकाचे पहिले इंजेक्शन देऊन मग रुग्णाला पुढे धाडणे शहाणपणाचे. १०८ क्रमांकाच्या गाडीत बसण्याआधीचा अर्धा तास पुष्कळदा गाडीतल्या दोन तासांपेक्षा जास्त कामाचा असतो.

प्रतिजैविकापूर्वी शक्य तर रक्ताचा नमुना घेतात. त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखायला एक ते तीन दिवस लागतात. तोवर थांबता येत नाही, म्हणून अनेक प्रकारच्या जंतूंना मारील असे औषध आधी सुरू करायचे आणि नाव कळल्यावर नेमके औषध द्यायचे. इथे आपल्या देशाची एक अडचण आहे. साध्या सर्दीपडशाला मनाला येईल तशी प्रतिजैविके खाण्याची आपली सवय! सर्दी बहुतेकदा विषाणूंमुळे होते. त्यांवर ती औषधे चालतच नाहीत, मात्र अंगातले इतर जंतू त्यांना सरावतात. मग अतिदक्षता विभागात खरी गरज पडते तेव्हा भारी औषधेही निकामी ठरतात.

औषधाइतकेच महत्त्वाचे काम शस्त्रवैद्याचे. पायात धसकटाचा तुकडा आणि पू राहिला, तर औषधाने जंतू मरत राहतील आणि तिथून नवे येत राहतील. चीर देऊन पू काढलाच पाहिजे.

आता सलाइन. प्रौढ रुग्णाला पहिल्या तीन तासांत वजनाच्या दर किलोला ३० मिलिलिटर, असा सध्याचा ढोबळ हिशेब आहे. काकांचे वजन ५० किलो. म्हणजे १,५०० मिलिलिटर, अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या. तुम्ही म्हणाल, नळ्या गळताहेत ना, मग द्या आणखी सहा! डॉक्टरांनाही पुष्कळ वर्षे तसेच वाटे. मग युगांडा, केनिया आणि टांझानिया या देशांतील ३,१४१ मुलांवरच्या चाचणीचा निकाल २०११ साली आला. ही मुले तापाने अत्यवस्थ झालेली होती. ज्यांच्या शिरेत भराभर द्रव सोडला, त्यांतली शंभरात दहाअकरा दोन दिवसांत दगावली. ज्यांना तसा सोडला नाही, त्यांतली सात. वैद्यकजगत चकित झाले. ती छोटी रुग्णालये होती आणि श्वसनयंत्रे नव्हती, त्यामुळे तो निकाल सगळीकडे जसाच्या तसा लावता येत नाही. पण गळक्या वाहिन्यांतून जादा पाणी फुप्फुसांत उतरते, ही गोष्ट तेव्हापासून कोणी हलकेपणाने घेत नाही. आता थोडे देतात, पाहतात, पुन्हा देतात.

पाण्याने भागले नाही तर नळ्या आवळाव्या लागतात. ते काम नॉरअ‍ॅड्रिनलिन करते. हा पदार्थ परका नाही. आपल्याच चेतातंतूंच्या टोकांशी तो पाझरतो. स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ साली ते दाखवून दिले आणि १९७० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अतिदक्षता विभागात एक छोटा विजेचा पंप हे औषध अगदी मोजून शिरेत सोडतो. त्याने जंतू एकही मरत नाही! श्वसनयंत्राने किंवा रक्त गाळणाऱ्या डायलिसिसनेही मरत नाही. औषधे आणि शस्त्रक्रिया यांचे काम होईपर्यंत अवयवांना तगवून धरणे, एवढीच त्यांची कामगिरी. परिचारिका दर तासाला लघवी मोजत असते. काकांच्या वजनाला तासाला निदान २५ मिलिलिटर हवी. पिशवीत ती दिसू लागली की सगळ्यांचे चेहरे उजळतात.

यंत्रे नसतील तर काहीच करता येत नाही का? याचे उत्तर विदर्भातच मिळाले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात एक मोठा प्रयोग केला. तान्ह्या बाळांना सेप्सिस लवकर होतो आणि तो झटकन बळावतो. ३९ गावांतल्या स्त्रियांना बाळाची तपासणी शिकवली गेली. रडणे क्षीण झाले का, दूध ओढणे मंदावले का, अंग तापले किंवा गार पडले का, बेंबीत पू आहे का? अशा ठरावीक खुणांपैकी दोन एकदम दिसल्या, की प्रशिक्षण घेतलेली ही आरोग्यदूत आईवडिलांच्या संमतीने घरातच जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि सोबत तोंडाने घ्यायचे औषध देई. तुलनेसाठी आणखी ४७ गावे होती. निकाल १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे उपचार सुरू होण्यापूर्वी सेप्सिस झालेल्या १६३ बाळांत मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्के होते. आरोग्यदूतांनी उपचार केलेल्या ७१ बाळांत ते २.८ टक्क्यांवर आले. त्यांच्याजवळ रक्ततपासणी नव्हती, अतिदक्षता विभाग तर नव्हताच. खुणा ओळखणारे डोळे होते, आणि त्या बाळाच्या गावातच राहत होत्या.