साथीच्या आधीची तयारी : भाचीला कानमंत्र

पोरी, चिकोडीच्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ म्हणून रुजू होतेस, फार बरं वाटलं. याद्या तुला लहानपणापासून नकोशा, तरी एवढी वाच.

१. ऑक्सिजन सिलिंडर मोजून नको, लिटरमध्ये मोज – डी-टाइपमध्ये सुमारे 7000 लिटर असतो. मिनिटाला 10 लिटरने साडेअकरा तास जातो, पण हाय-फ्लोवर 60 लिटरने दोन तासही पुरत नाही.

२. रुग्ण बेळगावला किंवा कोल्हापूरला हलवताना वाटेला लागेल त्याच्या दुप्पट ऑक्सिजन गाडीत घे – 1500 लिटरचा बी-टाइप मिनिटाला 10 लिटरने अडीच तासच टिकतो, आणि 2021 मध्ये सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर कोरोनाचा आरटी-पीसीआर अहवाल तपासताना गाड्या खोळंबायच्या. वाट ओळखीची, नाका परका.

३. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो कसा बंद होतो, हे रात्रपाळीच्या प्रत्येकाला प्रत्यक्ष नेऊन दाखव – 21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागली, दाब पडला आणि त्या दिवशी 22 रुग्ण दगावले. हा मुद्दा विसरू नकोस बाळ, बाकीचे विसरलीस तरी चालेल.

४. इंट्युबेशन सगळ्यांत अनुभवी हातानेच – पहिल्या प्रयत्नात नळी बसली तर रुग्णही वाचतो, खोलीतली माणसंही.

५. औषधं भरून, सिरिंजवर नावं लिहून, फिल्टर जोडूनच आत जा. नळीचा कफ फुगवल्याशिवाय श्वास देऊ नकोस – रुग्णाचा श्वास कडेने सुटला की खोलीभर पसरतो.

६. पीपीई काढताना समोर एक जण उभा ठेव – दमलेला हात आधी नाकाकडे जातो.

७. गाऊनवर ठळक नाव लिही, आणि रुग्णाशी मराठी-कन्नड दोन्हीत बोल – मास्कमागे चेहरा दिसत नाही, घाबरलेल्याला आपली भाषाच धीर देते.

८. नर्स, दंतवैद्य, शिकाऊ मुलं यांना अंबू बॅग दाबायला आत्ताच शिकव – 1952 मध्ये कोपनहेगनच्या पोलिओच्या साथीत भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांच्या सल्ल्याने वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने श्वास देऊन रुग्ण जगवले. अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथूनच झाली.

९. पाळी संपली की जेवून झोप, उगाच रेंगाळू नकोस – उपाशी डॉक्टरचा डोस चुकतो.

रुजू झालीस की पहिल्याच आठवड्यात तो व्हॉल्व्ह स्वतः फिरवून बघ आणि मला फोन कर.