आधी गाणं, मग जेवण

अगं, लग्नाचा वाढदिवस दोघांनीच साजरा करायचा आणि जावईबापूंनी त्यासाठी मुंबईच्या एनसीपीए नाट्यगृहातला, डिसेंबरमधला कॉयरचा म्हणजे समूहगायनाचा कार्यक्रम निवडला, हे ऐकून मला बरं वाटलं. मॉलमध्ये फिरून सिनेमा बघण्यापेक्षा हे कितीतरी छान. फक्त तुझा तो बेत, आधी छान जेवू आणि मग निवांत गाणं ऐकू, तेवढा बदल. आधी गाणं, मग जेवण.

कारण साधं आहे. मुंबईतले असे कार्यक्रम बहुधा सातच्या आसपास सुरू होतात आणि चांगल्या रेस्टॉरंटांचं रात्रीचं जेवण त्याच सुमारास सुरू होतं. म्हणजे तुम्ही पहिले गिऱ्हाईक म्हणून बसणार, घड्याळ बघत खाणार, बिल यायला उशीर झाला की टॅक्सीत एकमेकांवर चिडणार. कार्यक्रम सुरू झाल्यावर मधेच आत सोडत नाहीत, पहिली रचना संपेपर्यंत दाराबाहेर उभं राहावं लागतं. आणि वेळेत पोचलात तरी भरल्या पोटी, एसीत, मंद उजेडात बसल्यावर काय होतं ते मी तुझ्या भाऊजींच्या शेजारी बसून अनुभवलंय. त्यांचा घोरण्याचा सूर कॉयरच्या कुठल्याच आवाजाशी जुळत नाही.

तेव्हा चर्चगेटला उतरल्यावर एखाद्या इराण्याकडे बनमस्का आणि चहा घ्या. तेवढा आधार नऊपर्यंत पुरतो.

तू विचारत होतीस, आपल्याला त्यातलं काही कळेल का? कळेल गं. आपला कान एकाच सुरामागे जायला शिकलाय, गवई एक आणि मागे तानपुरा. कॉयरमध्ये चार सूर एकाच वेळी चालतात. वरचा बायकांचा सोप्रानो, खालचा आल्टो, पुरुषांचा टेनर आणि सगळ्यांत खाली बेस. सगळं एकदम ऐकायला गेलीस तर नुसता मोठा आवाज वाटेल. माझी युक्ती सांगते. चाल बहुतेक वेळा सोप्रानोकडे असते, ती आपोआप ऐकू येते. तू आल्टोचा माग धर. आधी तो सापडतच नाही, मग एकदम सापडतो आणि सगळं गाणं उलगडतं. आणि हे परकं वगैरे काही नाही. गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना पिढ्यान्‌पिढ्या नोटेशन शिकवलं गेलं, तीच माणसं पुढे मुंबईच्या सिनेमावाल्या ऑर्केस्ट्रात बसली. प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. म्हणजे हिंदी गाण्यांच्या पाठीमागे हे सूर तू लहानपणापासून ऐकतेयस. मुंबईतही व्हिक्टर परांजोतींनी १९५६ साली कॉयर उभा केला, त्यांच्या पश्चात कूमी वाडियांनी तो कित्येक दशकं चालवला.

नाताळच्या दिवसांत बहुतेक हँडलच्या ‘मसाया’मधलं काही ना काही असतंच. गंमत म्हणजे ही रचना पहिल्यांदा झाली ती नाताळात नाही, एप्रिलमध्ये, १७४२ साली डब्लिनला. गर्दी इतकी होणार होती की बायकांनी फुगीर घेराचे झगे घालून येऊ नये आणि पुरुषांनी तलवारी आणू नयेत, अशी विनंती आयोजकांनी केली होती. तुला तलवारीचं सांगायला नको, पण बांगड्यांचं सांगते. काचेच्या बांगड्या आणि पैंजण घरी ठेव. वाद्यांशिवाय गाणं चाललेलं असताना तू नुसता पदर सारखा केलास तरी चार रांगांना कळतं. साडी जरूर नेस, मऊ नेस, आणि शाल घे. आत गारठा असतो.

दाद द्यायची आपली सवयही थोडी आवरावी लागेल. आपल्या बैठकीत समेवर ‘वाहवा’ निघालीच पाहिजे, नाहीतर गवयाला वाटतं समोर दगड बसलेत. इथे उलटं. एका रचनेचे तीन-चार भाग असतात, मधे शांतता येते आणि हात शिवशिवतात. थांबायचं. कंडक्टरचे हात पूर्ण खाली येऊन तो वळला की मग हव्या तेवढ्या टाळ्या. ‘मसाया’मधलं ‘हालेलुया’ सुरू झाल्यावर लोक उठून उभे राहिले तर तुम्हीही राहा. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज उभा राहिला म्हणून ही प्रथा पडली असं सांगतात, त्याला त्या काळचा पुरावा नाही, पण प्रथा आहे.

महागड्या तिकिटाच्या मागे लागू नका. कार्यक्रम एनसीपीएच्या टाटा थिएटरात असेल तर मागच्या रांगांतही छान ऐकू येतं, आवाजाचा हिशोब करूनच ते बांधलंय. वाचलेले पैसे जेवणात घाला.

जेवणासाठी कुलाबा-फोर्टच्या बाजूलाच साडेनऊचं टेबल राखून ठेवा. आठ-दहा छोट्या पदार्थांचं जो टेस्टिंग मेन्यू असतो तो या रात्री नको, त्यात अडीच-तीन तास जातात आणि दर वेळी वेटर येऊन पदार्थाचं चरित्र सांगतो. दोघांत दोन स्टार्टर, एकेक मुख्य पदार्थ, एक गोड, बास. वाइन मागवलीत तर तो आधी घोटभर ओततो, ती खराब तर झालेली नाही ना एवढंच बघायचं असतं. आवडली का, हा प्रश्नच नसतो. जावईबापूंना डोळे मिटून समीक्षा करू देऊ नकोस. काटे-चमचे बाहेरून आत वापरत जायचे, आणि चुकलं तरी कोणी पोलिसात देत नाही.

तारीख ठरवताना पंचांग बघ. डिसेंबर म्हणजे मार्गशीर्ष, गुरुवार निघाला तर तुझा उपास आणि समोर जावईबापूंची कोलंबी, असली संध्याकाळ नको. बिलही नीट बघ. खोलीचं भाडं साडेसात हजारांवर असलेल्या मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटात जीएसटी १८ टक्के लागतो, बाहेर साधारण ५. सर्व्हिस चार्ज परस्पर लावता येत नाही, तशी मार्गदर्शक तत्त्वं २०२२ साली निघाली आहेत. लावलेला दिसला तर हसून काढायला सांग. सेवा आवडली असेल तर टिप हातात दे.

आणि एक. आधी गाणं म्हणते त्याचं खरं कारण हेच, की जेवताना बोलायला काहीतरी हवं. एरवी तुम्ही दोघं बाहेर जेवायला बसलात की पाच मिनिटांत पिल्लूची शाळा आणि घराचा हप्ता सुरू होतो, मला माहितेय. त्या रात्री निदान सूप संपेपर्यंत तरी त्या टेनरबद्दल भांडा.

सासूबाईंना खरं सांगून जा, ऑफिसचं काम वगैरे थापा नकोत. पिल्लूला माझ्याकडे आणून सोड, इतक्या लहान पोरांना तिथे सहसा आत घेत नाहीत. नाताळच्या आधीची तिकिटं लवकर संपतात, तेव्हा आजच काढा.