टाको खायला चाललीस ना, मग ऐक

छोटे, जा ना! काहून नाही जायचं? होस्टेलच्या पोरी शनिवारी त्या टाकोवाल्या हॉटेलात चालल्यात, अख्खं कॉलेज तिथं रांग लावतं, अन् तू फोनवर ‘मला ते नीट खाता येईल का गं ताई’ म्हणून कुजबुजत बसलीस. हिंगणीत लग्नाच्या पंगतीत मांडी घालून वडाभात हाणणारी पोट्टी तू, पुण्याच्या टेबल-खुर्चीला कधीपासून भ्यायला लागलीस?

एक तर ते काही साहेबी खाणं नाही. मेक्सिकोत टाको गाडीवर मिळतो. कामावरून सुटलेली माणसं संध्याकाळी गाडीभोवती उभ्या उभ्या खातात, हातानंच. म्हणून काटा-चमचा मागू नकोस. तीन बोटांत धर, टाको सरळ ठेव अन् आपली मान वाकडी कर. टाको वाकडा केलास की सगळं सारण मागच्या बाजूनं ताटात. सांडलं तर सांडू दे, तेही हातानंच उचलून खायचं. आणि आल्या आल्या खा. पोरी फोटो काढत बसतील, तोवर खालची पोळी रसानं भिजून फाटते. एक फोटो पुरे.

आता तुझ्या कामाचं सांगते, कारण भाकर तू माझ्यापेक्षा चांगली थापतेस. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून आई आधणाचं पाणी घालून पीठ मळते, तेव्हा कुठं उंडा धरतो. मक्याचीही तीच अडचण. नुसत्या मक्याच्या पिठाची भाकर दुमडायला गेलं की चिरते. मेक्सिकोतल्या बायकांनी त्यावर फार जुन्या काळी उपाय काढला. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, साल चोळून काढायची आणि ओलाच वाटायचा. चुन्यानं पीठ लवचिक होतं, मग पोळी दुमडली तरी तुटत नाही. शिवाय मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं ते त्या चुन्यामुळेच. युरोपानं मका नेला पण चुन्याची रीत मागं ठेवली. मग मक्यावरच जगणाऱ्या तिथल्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग जडला, कातडी सोलणारा, डोकं फिरवणारा. मला तर त्या टाकोतल्या सारणापेक्षा हा चुना जास्त नवलाचा वाटतो.

हॉटेलात तुला दोन तऱ्हा दिसतील. कडक आणि मऊ. ते तळलेलं कुरकुरीत, होडीसारखं कवच जगभर पोहोचवलं अमेरिकेतल्या टाको बेलनं. ग्लेन बेल नावाच्या माणसानं 1962 साली कॅलिफोर्नियात ते सुरू केलं, अन् भारतात ते 2010 मध्ये बंगळुरूला आलं. त्याच वर्षी युनेस्कोनं मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, हा आपला योगायोग. कडक कवच पहिल्या घासालाच फुटतं, नवख्याची फजिती तिथंच होते. तू मऊच घे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ती मऊ पोळी मक्याऐवजी मैद्याची असते. विचारून घे, विचारण्यात लाज कसली? मक्याची असेल तरच तुला चुन्याची गंमत कळेल.

आत काय? राजम्याचा घे किंवा चिकनचा. पनीर टाको ही आपल्याकडची भर, ते खायला पुण्याला कशाला जायला पाहिजे! ग्वाकामोले वेगळं मागवू नकोस. ते अव्हाकाडोचं असतं, महाग पडतं, अन् पहिल्यांदा खाणाऱ्याला ते फिकं लागण्याची शक्यता जास्त. सालसा मात्र सोडू नकोस. टमाटर, कांदा, मिरची, लिंबू, वरून सांबार, म्हणजे पुण्याची कोथिंबीर, पेरलेला. तुझी जीभ लगेच ओळखेल.

तिखटाचं टेन्शन तर तू घेऊच नकोस. वेटर म्हणेल ‘हलापेन्यो स्पायसी आहे हं मॅडम’. हसू नकोस, मान हलव. मिरची मूळची तिकडचीच खरी, पोर्तुगीजांच्या जहाजातून ती आपल्याकडे आली. मका, टमाटर, राजमा हेही मूळचे अमेरिका खंडातलेच. पण भिवापुरी मिरचीचा ठेचा खाल्लेल्या पोरीला बरणीतला हलापेन्यो काय करणार!

पैशाचं आधीच बोलून ठेव. ‘मी माझं माझं देईन’ हे रांगेत असतानाच सांगायचं, बिल आल्यावर सांगितलं की ते रुसल्यासारखं दिसतं. मेनू फोनवर आधी पाहून घे. जीएसटी बहुतेक हॉटेलांत पाच टक्के, तो द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक आहे. 2022 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तसं बजावलं आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. आपसूक लावला असेल तर ‘हा काढून द्या भाऊ’ एवढंच म्हण. आवाज चढवायचा नाही, खाली बघायचंही नाही.

आणि आवडलं नाही तर नाही म्हण. सगळ्या ‘वॉव’ करतात म्हणून तूही करशील, हे मला माहीत आहे गं. उलटं सोंगही नको, ‘ह्यापेक्षा आमची भाकर बरी’ म्हणून तोंड वाकडं करणाऱ्या पोरीसोबत कुणी परत जात नाही. दिवाळीत घरी आलीस की आईजवळ मात्र त्या हॉटेलाचं कौतुक बेतानं कर. तिला चुन्याची गोष्ट सांग, ती दुसऱ्याच दिवशी मका भिजवेल बघ.

शनिवारी सातच्या आत पोहोचा, नंतर तिथं उभं राहायला जागा नसते म्हणतात. आणि बिल हातात आलं की पैसे द्यायच्या आधी मला फोटो पाठव, मी जागीच असेन.