रायटर मध्येच बंद का पडतो?

शाळेच्या वार्षिक अंकाची ६४ पानांची फाइल तुम्ही लिनक्स संगणकावर, लिबरऑफिस रायटरमध्ये तयार केली आहे असे समजा. उद्या ती छापखान्यात द्यायची आहे. छापखान्याला पीडीएफ हवी. आणि पीडीएफ करायला गेले, की रायटर पटकन बंद पडतो! अशा वेळी काय कराल?

बहुतेक जण रायटर काढून टाकतात व नव्याने बसवतात. यात एक गंमत आहे. तुम्ही केलेल्या मांडणीची, जोडलेल्या शब्दांची नोंद रायटरमध्ये नसते. ती तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, एका लपलेल्या जागी असते. रायटर दहा वेळा बसवला तरी ती नोंद जशीच्या तशी राहते. दोष तिच्यात असेल तर सारी मेहनत फुकट!

अशा दोषाला 'बग', म्हणजे किडा, म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ या यंत्राच्या रिलेमध्ये खराखुरा पतंग सापडला, ही हकिगत तुम्ही वाचली असेल. शब्द मात्र त्याहून जुना आहे. एडिसनने तो १८७८ मध्येच वापरला होता.

आता आपला किडा शोधू. प्रथम फाइलची प्रत काढा आणि मूळ फाइलला हात लावू नका. मग दुसऱ्या एखाद्या फाइलची पीडीएफ करून पाहा. तीही होत नसेल, तर तुमची फाइल बहुधा निर्दोष आहे. मग 'मदत' यादीतून रायटर सुरक्षित पद्धतीने पुन्हा सुरू करा. या पद्धतीत तुमची नोंद व वरून जोडलेल्या सुविधा तेवढ्यापुरत्या बाजूला राहतात. आता काम झाले, तर दोष त्यांच्यातच आहे. रायटर बंद करून त्या नोंदीच्या फोल्डरचे नाव बदला. पुढच्या वेळी नवी नोंद आपोआप तयार होते. जुनी पुसू नका, तीत तुमचा शब्दसंग्रह आहे.

पण दुसरी फाइल नीट झाली तर? मग संशय तुमच्याच फाइलवर. ६४ पाने एकेक करून तपासायची काय? मुळीच नाही. पीडीएफ करताना कोणती पाने हवीत ते सांगता येते. आधी १ ते ३२ करा. झाली? मग दोष ३३ ते ६४ मध्ये असावा. आता ३३ ते ४८ करा. प्रत्येक चाचणीत संशयित पाने निम्मी होतात: ३२, १६, ८, ४, २, १. म्हणजे सहा चाचण्यांत एक पान हाती येते! पाने १२८ असती तर सातच चाचण्या लागल्या असत्या. दोनचे घात शिकलेल्यांना याचे नवल वाटणार नाही.

अर्थात दोष एकाच पानात आहे हे आपण गृहीत धरले. दोन्ही अर्धे बंद पडले, तर दोष दोन जागी असेल किंवा सगळ्या पानांवर येणाऱ्या शीर्षपट्टीसारख्या एखाद्या गोष्टीत असेल. दोन्ही अर्धे नीट झाले, तर त्यांची पीडीएफ वेगवेगळी छापखान्यात द्या आणि शोध उद्यावर टाका!

पान सापडले, की प्रतीत त्यावरील चित्र, तक्ता, अक्षरसंच यांपैकी एका वेळी एकच गोष्ट काढून पाहा. दोन एकदम काढल्या तर गुन्हेगार कोण ते कळणार नाही.

आणि फाइल उघडतच नसेल तर? घाबरू नका. रायटरची ओडीटी फाइल म्हणजे एक झिप गाठोडे असते. प्रत गाठोडे सोडणाऱ्या साधनाने उघडा. आत मजकुराची एक साधी एक्सएमएल फाइल व चित्रांचे फोल्डर दिसेल. मांडणी जाईल, पण लेख बहुधा वाचतील.

शेवटी, दोषी ठरलेले चित्र एका कोऱ्या फाइलमध्ये एकटेच ठेवून पीडीएफ करा. रायटर तरीही बंद पडला, तर ती एका पानाची फाइल, रायटरची आवृत्ती आणि क्रमवार केलेली कृती लिबरऑफिसच्या दोषनोंदणीत पाठवा. ६४ पानांच्या फाइलपेक्षा त्या एका पानावर आज्ञावलीकारांना दोष फार लवकर सापडतो.